मान तारखेला धरते

मान धरली की आधी कॅलेंडर बघ, उशीची चौकशी नंतर कर. सोलापूरच्या नवी पेठेत कापडाच्या दुकानात दिवाणजी म्हणून माझा जन्म गेला. मालकांच्या, सेल्समनच्या, शिंप्यांच्या आणि माझी स्वतःची धरून कितीतरी अवघडलेल्या माना मी तिथे पाहिल्या, म्हणून एक गोष्ट ठामपणे सांगतो. मान वाटेल त्या दिवशी धरत नाही, ती तारखेला धरते. आमच्या वेळी ती दिवाळीच्या आधी धरायची, कारण पाडव्याला नवी वही घालायची आणि त्याच्या आत जुन्या वहीतली येणी-देणी मिटवायची. लग्नसराईत दिवसभर उभं राहून पाय भरून यायचे, पण मान धरायची नाही, गल्ला भरत असायचा ना! दुसऱ्यांदा धरायची ती आषाढातल्या मंदीत, गिऱ्हाईक नसताना, बसल्या बसल्या. आता दुकान तू चालवतोस, तुझी धरते ती १८ ते २० तारखेच्या दरम्यान. ११ ला जीएसटीआर-१ रिटर्न, २० ला ३बी, मध्येच कुठेतरी कर्जाचा हप्ता. आणि तू मला सांगतोस, "आण्णा, उशी बदलायला पायजे." उशी महिनाभर तीच होती की रे.

भिंतीवरच्या कॅलेंडरवर, ज्या दिवशी मान दुखली त्या चौकटीत पेन्सिलीने एक टिंब कर. दुसरं काही लिहू नको, तुझ्याच्याने होणार नाही. दोन-तीन महिन्यांनी टिंबं कुठे गोळा झालीत ते बघ. ती महिनाभर सारखी पसरलेली असतील तर बसण्याची पद्धत, खुर्ची, चष्म्याचा नंबर यांत दोष शोध. ठरावीक तारखांभोवतीच गर्दी असेल तर दुखणं मानेत दिसतंय, पण निघालंय दुसरीकडून. उपाय दोन्हींवर करावा लागतो, पण क्रम बदलतो.

असं का होतं, ते मला दवाखान्यातल्या एका फिजिओथेरपिस्ट मुलीने समजावलं होतं आणि मला ते पटलं. अंगावर कुत्रा आला की माणूस पहिल्यांदा खांदे वर घेतो आणि मान आत ओढतो. कुत्रा निघून गेला की खांदे आपोआप खाली येतात. थकलेली उधारी मात्र निघून जात नाही, ती दुकान बंद केल्यावर घरी येते, जेवायला बसते, अंथरुणात शेजारी झोपते. मग खांदे उतरणार कधी? कवटीच्या मागच्या बाजूपासून खांद्याच्या टोकापर्यंत आणि खाली पाठीपर्यंत पसरलेला एक मोठा स्नायू आहे, ट्रपेझियस. त्याच्या खाली आणखी एक आहे, मानेच्या वरच्या चार मणक्यांपासून निघून खांद्याच्या पात्याच्या वरच्या कोपऱ्याला लागणारा. सकाळी उठल्यावर मान एका बाजूला वळेनाशी होते, तेव्हा बहुतेक वेळा हाच आखडलेला असतो. हे स्नायू थोडेसेच, पण दिवसभर आवळून ठेवले की दुखतात, दुखलं की माणूस आणखी आवळून धरतो आणि फेरा सुरू राहतो.

दुसरी गोष्ट श्वासाची, आणि माझ्या मते खरी चोरी इथेच होते. काळजीतला माणूस श्वास वरच्या वर घेतो. पोट हलत नाही, छातीचा वरचा भाग उचलला जातो, आणि वरच्या बरगड्या उचलायचं काम मानेच्या बाजूच्या बारीक स्नायूंवर येतं. मिनिटाला पंधरा-सोळा श्वास धर, दिवसाचे किती झाले तूच गुणाकार कर, तुझ्याकडे कॅल्क्युलेटर आहे. फोनवर कोणी वसुलीचं बोलत असेल तेव्हा तर तू श्वास घेतच नाहीस, मी समोर बसून पाहिलंय.

म्हणून मुख्य उपाय हा. श्वास घेत दोन्ही खांदे कानाकडे उचल, मुद्दाम, जोरात. तीन अंक मोज. मग तोंडाने फुंकर घालतोस तसा सावकाश श्वास सोडत खांदे पडू दे. ढकलायचे नाहीत, पडू द्यायचे. श्वास सोडायला घेण्याच्या दुप्पट वेळ लागला पाहिजे. असं तीनदा, अर्ध्या मिनिटाचं काम. आधी आवळायचं आणि मग सोडायचं, कारण आपण आवळलेलो आहोत हेच माणसाला कळत नसतं. एडमंड जेकबसन नावाच्या अमेरिकन डॉक्टरने अंगातला एकेक स्नायू असा आवळून सोडायची पद्धत बसवली आणि १९२९ साली त्यावर पुस्तक काढलं. आपल्याकडे शवासन होतंच. मुंबईच्या केईएम रुग्णालयातले हृदयरोगतज्ज्ञ डॉ. के. के. दाते यांनी रक्तदाबाच्या रुग्णांना शवासन करायला लावून त्याची नीट मोजमापं घेतली आणि १९६९ साली ती शास्त्रीय नियतकालिकात छापली. निजून राहण्याला औषध म्हणून तपासायचं धाडस त्या काळात एका डॉक्टराने केलं, याचं मला कौतुक वाटतं.

पण हे करायचं कधी? इथेच सगळे फसतात. रविवारी सकाळी तासभर योगासनं करतात आणि सोमवार ते शनिवार मान पुढे काढून बसतात. तासाभराने काही होत नाही, अर्ध्या मिनिटाने होतं, पण ते दिवसातून वीस वेळा झालं पाहिजे. आमच्या वेळी गिरणीचे भोंगे होते. लक्ष्मी-विष्णूचा भोंगा झाला की वहीतून डोकं आपसूक वर यायचं, कोणी तरी चहा सांगायचं, दोन मिनिटं गप्पा व्हायच्या. भोंगे गेले, ते परत येणार नाहीत. मोबाइलमध्ये गजर लाव म्हटलं तर तू तो बंद करून टाकशील. त्यापेक्षा जे काम दिवसभर होतच असतं त्याला हे बांधून टाक. बिल छापून बाहेर आलं की खांदे खाली. गिऱ्हाईक पायऱ्या उतरलं की खांदे खाली.

ही युक्ती माझी नाही. पूर्व भागातल्या, विड्या वळणाऱ्या एका मावशींकडून ती मी घेतली. त्या बायकांचं काम कधी नीट पाहिलंयस का? मांडीवर सूप, त्यात तंबाखू, कात्रीने कापलेली तेंदूची पानं, दोऱ्याचं रीळ. नजर दिवसभर सुपात. मजुरी हजार विड्यांच्या हिशेबाने, आणि कारखान्यात तपासणीला किती विड्या नापास होतील याची धास्ती वेगळी. वाकलेली मान आणि धास्ती, दोन्ही एकत्र. त्या मावशींनी आपल्या मनाशी ठरवून घेतलं होतं की पंचवीस विड्यांचं बंडल बांधलं की एकदा मान वर करून समोरच्या भिंतीच्या वरच्या कोपऱ्याकडे बघायचं, खांदे सोडायचे आणि मगच पुढचं पान उचलायचं. "अर्धा घडी जातो, मान ऱ्हातो," असं त्या आपल्या तेलुगू वळणाच्या मराठीत म्हणायच्या. आम्ही वहीवाले त्यांच्याकडून शिकलो, हे सांगायला मला कमीपणा वाटत नाही.

जबड्याचंही बघ. मान धरते त्याच्या दोन दिवस आधीपासून तू दात खाऊन बोलत असतोस. जबडा आवळला की कानशिलं आणि मान त्याच्या मागोमाग जातात. दिवसभरात ओठ मिटलेले असावेत, पण वरचे आणि खालचे दात एकमेकांना टेकलेले नसावेत. जिभेचं टोक वरच्या दातांच्या मागे टेकव, जबडा आपोआप सुटतो. रात्री दात खात असशील तर बायको सांगेलच, तेव्हा दाताच्या डॉक्टरकडे जा. आणि अशा दिवसांत कडक भाकरी कोरडी चावत बसू नको, आमटीत कुस्करून खा. शेंगाचटणी काय, ती कशाबरोबरही चालते. तोंडात दिवसभर मावा धरून बसणाऱ्यांच्या जबड्याविषयी मी बोलत नाही, त्यांना मानेपेक्षा मोठी काळजी असायला हवी.

आता बसण्याविषयी. आम्ही गादीवर मांडी घालून बसायचो, पाठीला लोड, पुढ्यात उतरत्या फळीचं मेज. आजची मुलं त्या मेजाला हसतात, पण त्या उतारामुळे वही डोळ्यांकडे यायची, डोळ्यांना वहीकडे जावं लागत नव्हतं. तुझा लॅपटॉप सपाट टेबलावर, मोबाइल मांडीवर, आणि तू दोन्हींच्या पाया पडतोयस. माणसाचं डोकं साधारण साडेचार-पाच किलोचं. ते मणक्यांच्या बरोबर वर असलं की तेवढंच वजन. न्यूयॉर्कचे शल्यविशारद केनेथ हंसराज यांनी २०१४ साली गणिताने मांडून दाखवलं की मान पुढे ६० अंशात वाकवली तर मानेच्या मणक्यांवर येणारा भार सुमारे २७ किलोपर्यंत जातो. १५ अंशाला १२ किलो. गणित ते गणितच, प्रत्येकाची मान त्याप्रमाणे दुखते असं नाही, पण दिशा कळते. लॅपटॉपखाली चादरींचा रिकामा खोका ठेव, पडद्याची वरची कड डोळ्यांच्या रेषेत येऊ दे, टाइप करायला वेगळा कीबोर्ड जोड. मोबाइल डोळ्यांसमोर उचलून धर आणि कोपराला आधार दे.

गिऱ्हाइकाला कापड मोजून देताना मोबाइल कान आणि खांद्याच्या बेचक्यात धरायची जी सवय तुला लागली आहे, ती आजच मोड. दुसरं काही नाही ऐकलंस तरी चालेल, पण हे ऐक. वायरवाले इअरफोन रस्त्यावर शंभर-दीडशेला मिळतात. आणि वरच्या फळीवरचा ताका काढायचा असेल तर स्टूल घे. मान मागे टाकून, हात वर ताणून, "मिळतंय बघा ताई" म्हणत उभं राहायचं नाही. सेल्समन पोरांनाही सांग, मालकाने स्टूल घेतलं तर तीही घेतील.

रोजचे व्यायाम मी तीनच सांगतो, चौथा सांगितला की पहिले तीनही बंद पडतात. एक, ताठ बसून समोर बघत हनुवटी सरळ मागे सरकवायची, वर नाही आणि खाली नाही, जसा कपाटाचा खण आत ढकलतात तशी. गळ्याखाली दुसरी हनुवटी दिसली म्हणजे बरोबर चाललंय. पाच अंक धरायचं, दहा वेळा. दुसरा, मान उजवीकडे निम्मी वळवून खाली उजव्या काखेत बघायचं, उजवा हात डोक्यामागे नुसता ठेवायचा, ओढायचं नाही. डाव्या बाजूला ताण जाणवेल. वीस-तीस सेकंद थांबून बाजू बदल. तिसरा, तळहात कपाळाला लावून डोक्याने हाताला आणि हाताने डोक्याला दाबायचं, दोघांनीही हलायचं नाही. पाच-सहा सेकंद. मग तसंच दोन्ही बाजूंनी आणि मागून. डोकं गरागरा गोल फिरवायचा जो व्यायाम शाळेत शिकवायचे, तो सोडून दे. मागच्या बाजूला जाताना तो मणक्यांना रगडतो आणि म्हाताऱ्यांना त्याने चक्कर येऊ शकते.

हे सगळं मान धरू नये म्हणून. पण धरलीच तर?

पहिल्या दिवशी घाबरायचं नाही आणि झटके द्यायचे नाहीत. नुसती आखडलेली मान बहुतेकांची आठवड्याभरात सुटते, पहिले दोन-तीन दिवस वाईट. अंथरुणात पडून राहू नको, गळपट्टा बांधून बसू नको. ज्या बाजूला मान दुखत नाही त्या बाजूला सावकाश, जमेल तेवढीच वळव, दर तासाला थोडी. शेकायला आपला सोलापुरी टॉवेल काय वाईट आहे? भौगोलिक मानांकन मिळालेला माल आहे तो, घरात चार असतील. गरम पाण्यात भिजवून पिळून मानेवर आणि खांद्यांवर पसरायचा, निवला की पुन्हा. पंधरा-वीस मिनिटं पुरे. आजीची पद्धत खड्या मिठाची पुरचुंडी तव्यावर तापवून शेकायची होती, तीही चांगली, फक्त आधी हाताला लावून बघ. मधुमेहवाल्यांना कातडीवर चटका कधीकधी कळत नाही, त्यांना दुसऱ्याने तपासून द्यावी. झटका बसून, पडून-झडून दुखत असेल तर पहिले एक-दोन दिवस बर्फ बरा. मे महिन्यात सोलापूरचा पारा ४२-४३ वर जातो, तेव्हा कोणाला शेक नको वाटला तर गार पट्टीही चालेल. ज्याने बरं वाटतं ते करावं.

तेल महानारायण लाव नाहीतर साधं तिळाचं. माझं मत विचारशील तर गुण तेलाच्या नावात फारसा नसतो, चोळणाऱ्या हातात असतो. हलक्या हाताने, मानेकडून खांद्याकडे. दुखण्यावर गोळी घ्यायचीच असेल तर डॉक्टरला विचारून. रक्तदाब, किडनी किंवा पोटाचं काही असेल त्यांना त्या दुखणंमाऱ्या गोळ्या महाग पडतात.

आणि न्हाव्याकडून मान मोडून घ्यायची नाही. दाढी झाली की तो दोन्ही हातांत डोकं धरून कटकट आवाज काढतो, क्षणभर हलकं वाटतं, हे मला माहीत आहे. पण मेंदूला रक्त नेणाऱ्या दोन वाहिन्या मानेच्या मणक्यांमधल्या भोकांतूनच वर जातात. झटक्याने त्यांच्या आतलं अस्तर फाटलं तर पक्षाघात येऊ शकतो. क्वचित होतं, पण होतं. दिल्लीकडच्या एका माणसाची तर सलूनमध्ये मान मोडून घेतल्यावर श्वासपटलाची नस निकामी झाली आणि त्याला श्वासासाठी यंत्र लावावं लागलं, ती बातमी २०१७ साली पेपरात आली होती.

काही वेळा हे घरगुती उपाय करत बसायचं नाही. ताप, उलट्या, जोराची डोकेदुखी आणि हनुवटी छातीला टेकेना, असं एकत्र आलं तर रात्र असली तरी दवाखाना गाठायचा, तो मेंदूच्या आवरणाचा आजार असू शकतो. हातात मुंग्या, बोटांतली पकड सैल, पाय लटपटणं, लघवीवरचा ताबा जाणं, तेव्हा मणक्यांत नस किंवा मज्जारज्जू दाबला गेलेला असू शकतो. मानेबरोबर जबडा, डावा हात किंवा छाती दुखून घाम फुटला तर हृदय. गाडीवरून पडल्यानंतरची मान कोणीही हलवायची नाही.

झोपेचं थोडक्यात. पालथं झोपू नको. कुशीवर झोपशील तर उशी खांद्याच्या रुंदीइतकी उंच, उताणा झोपशील तर पातळ. सोलापुरी चादरीच्या चार घड्या घालून त्यावर डोकं ठेवणारे लोक मी पाहिलेत, ती चादर पांघरायला आहे. त्याऐवजी हातटॉवेलची मनगटाएवढी जाड गुंडाळी करून अभ्र्यात, उशीच्या खालच्या कडेला सरकव, मानेच्या पोकळीला आधार मिळतो.

आता राहिलं ते खरं. आमच्या ओळीतल्या एका दुकानदाराची मान दर वर्षी दसरा ते दिवाळी धरलेली असायची. तेल झालं, शेक झाला, पट्टे झाले. पुढे कळलं की त्याने घरात न सांगता व्याजाने पैसे काढले होते आणि व्याज त्या सुमारास द्यावं लागे. ज्या वर्षी त्याने बायकोला आणि भावाला समोर बसवून सगळा आकडा सांगितला, त्या वर्षी कर्ज काही फिटलं नाही, पण त्याची मान दिवाळीत सरळ होती. मी हे औषध म्हणून सांगत नाही, पाहिलेलं सांगतो. तूही बघ, तुझ्या काळजीतला कोणता आकडा अजून कोणालाच माहीत नाही. तो एका कागदावर लिही, आणि ज्याच्याशी धंद्याचा संबंध नाही पण ज्याच्यावर विश्वास आहे अशा एकाला दाखव. झोप आठवडे-आठवडे येत नसेल, जीव नकोसा वाटत असेल, तर मनाच्या डॉक्टरकडे जायला लाजायचं नाही.

संक्रांतीला सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेत नंदीध्वज पाहतोस ना दरवर्षी? बाराबंदी घातलेले गडी तेवढी उंच काठी कमरेच्या आधारावर तोलत अडुसष्ट लिंगांच्या वाटेने निघतात. आठवडे आधीपासून सराव करतात. पण एकच गडी ती पहिल्यापासून शेवटपर्यंत पेलत नाही, वाटेत काठी एकाकडून दुसऱ्याकडे जाते, आणि सोबतचे लोक चारी बाजूंनी सावध चालत असतात. दुकानात मात्र खरेदी तू, वसुली तू, बँक तू आणि जीएसटीही तूच. निदान रिटर्नचं काम हिशेबनिसाकडे दे आणि त्याला ५ तारखेलाच कागद पोचव. त्याची फी तुझ्या मलम-पट्ट्यांच्या खर्चाइतकीच होईल.

संध्याकाळी गर्दी ओसरली की पोराला गल्ल्यावर बसव आणि सिद्धेश्वर तलावाकडे नाहीतर कंबर तलावाकडे अर्धा तास चालून ये. हात मोकळे हलू देत, नजर पायांवर नको, पाण्याच्या पलीकडच्या काठावर ठेव. लांब बघितलं की मान आपोआप वर येते, तिला सांगावं लागत नाही. जोडीला कोणी असेल तर उत्तम, फक्त तो कापडाच्या धंद्यातला नको, नाहीतर तुम्ही दोघं मिळून सुरतेच्या भावावर बोलत बसाल. आणि फोन खिशात ठेव. वाजला तर वाजू दे, नवी पेठेतलं गिऱ्हाईक चार दुकानं फिरून तासाभराने परत येतंच.